ऐनावरचे बिल्ले

दुकानदारानं फुकट पिशवी दिली तरी सोनीबाई आधी आत हात घालून बघायची. भोक असल्याशिवाय कोण फुकट देतं? चर्चमध्ये नवा पाळक आला तेव्हाही ती सुरुवातीचे रविवार दाराशीच बसली. "बोलतो गोड," ती म्हणाली, "जरा बघू."

नवापूरच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून तिचं भाताचं शेत. बांधावर ऐनाची झाडं, सासऱ्यानं राखलेली. थंडी सरता सरता एका सकाळी ती शेतावर गेली, तर झाडाझाडावर पत्र्याचा बिल्ला ठोकलेला. बिल्ल्यावर आकडा.

या डोंगरात झाडावर आकडा पडला की झाड गेलंच. लहानपणी तिनं पाहिलं होतं: आधी आकडा, मग कुऱ्हाडी, मग ट्रक. तिनं कोयत्याच्या टोकानं एकेक बिल्ला उचकटला आणि पदरात बांधला.

दुपारी तिचा भाचा दानियल मोटारसायकलवर आला. अंगात कुठल्याशा कंपनीचा हिरवा शर्ट.

"आत्या, बिल्ले कुठंयत?"

"तू ठोकलेस?"

"मीच. पहाटे आलो, तू झोपली होतीस."

"आत्याची झाडं तोडणार आता. शर्ट मात्र शोभतो तुला."

दानियलला हसू आवरेना. "तोडायला नाही गं, राखायला. कंपनी परदेशातली. तिकडं त्यांचे कारखाने धूर सोडतात, तुझी झाडं तो धूर खातात. त्याचे तुला पैसे."

"तिकडचा धूर माझा ऐन खातो?"

"हवा एकच ना, आत्या."

"मग ते धूरच का नाही बंद करत?"

"ते मला नाही सांगितलं."

सोनीबाईला स्वतःचंच हसू आलं. उगाच खिळे उपटत बसले! तिनं चूल पेटवून कोरा चहा ठेवला, पदराची गाठ सोडून बिल्ले त्याच्यापुढं ओतले. "ठोक परत. जरा हळू ठोक."

चहा पिता पिता दानियलनं मोबाइल पुढं धरला. "इथं बोटानं सही कर, झालं."

तिचं बोट काचेपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

"राबाचं काय?"

राब म्हणजे ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, वाफ्यावर पसरून वाळवायच्या आणि पावसाआधी पेटवायच्या. त्या राखेत भाताचं रोप जोर धरतं. तिचा कमोद तांदूळ घरात शिजला की वास अंगणाबाहेर जायचा, तो या राखेवरच.

दानियल कपात बघत राहिला. "फांद्या नाही तोडायच्या. आणि जाळायचं तर नाहीच. धूर होतो."

"किती वर्षं?"

"तीस."

"म्हणजे त्यांनी धूर करायचा, मी नाही."

"रोपाला खताची गोणी देणार आहेत ना."

"फुकट?"

"फुकट."

सोनीबाईनं बोट मागं घेतलं. पिशवीचं भोक सापडलं होतं.

"आत्या, साहेब मला विचारतील."

"सांग, आत्या वेडी आहे. खोटं कुठंय?" तिनं बिल्ले गोळा करून त्याच्या खिशात कोंबले आणि कोयता त्याच्या हातात दिला. "मला आता वर चढवत नाही. तुझ्या बापानं इथलाच भात नेऊन तुला वाढवलंय. चढ."

दानियल झाडाकडं बघत उभा राहिला. मग मोबाइल तिच्याकडं देऊन पहिल्या खोडाकडं वळला.

"थांब," ती म्हणाली. "आधी शर्ट काढ. कुणी फोटो काढला तर?"

त्यानं शर्ट कुंपणावर टाकला आणि वर चढला. पहिली फांदी कडकडत खाली आली. सोनीबाईनं मोबाइल पदरात गुंडाळून, लांब धरला होता. काचेला आपलं बोट लागू नये, एवढंच ती जपत होती.