जळक्या माळाचं आडनाव

पोराने विलायतेत तिकडच्याच मुलीशी लग्न केलं, त्याचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही. पण एका रविवारी फोनवर म्हणाला, "आई, मी हिचं आडनाव लावतोय," आणि माझं डोकंच फिरलं.

तो बिचारा समजुतीने सांगत होता. ते मूळचं एका गावाचं नाव. रान जाळून मोकळी केलेली जागा, असा त्याचा अर्थ. तिथून बाहेर पडलेल्यांना लोक त्या गावाच्या नावाने ओळखायला लागले. "म्हणजे आपल्यासारखंच की गं! आणि रान जाळणं म्हणजे आपली भाजावळच."

"मोठा आलाय भाजावळ शिकवणारा! बापाचं नाव टाकलंस ना? मग मला तू मेलास!" तो "अगं, ऐक तरी" म्हणत होता. मी फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी तो तिकडे गाडीखाली गेला.

तेव्हापासून पावस गावातल्या आमच्या घरात भाजावळीचे दिवस मला खायला उठतात. पेरणीआधी भाताच्या रोपांच्या जागेवर तोडलेल्या डहाळ्यांची कवळं आणि सुका पातेरा पेटला, धूर माजघरात शिरला, की पडवीत कोणीतरी उभं आहे असं वाटतं. हातातलं टाकून मी बाहेर येते. कोण असणार? शेजारीण म्हणायची, "काकू, देवाला गाऱ्हाणं घाला एकदा." कुठल्या तोंडाने घालू? कुठलं आडनाव सांगू?

यंदा सून पहिल्यांदाच आली, सात वर्षांच्या नातीला घेऊन. तिघी देवळात गेलो. गुरवाने नारळ हातात घेऊन विचारलं, "पोरीचं नाव? आडनाव?" गाऱ्हाण्यात अर्धं नाव चालत नाही. मी ठरवूनच आले होते. ते जळक्या माळाचं आडनाव आठ दिवस घोकलं होतं. जीभ वळत नव्हती मेली. तरी तोंड उघडलं.

पण नातच पुढे झाली. स्वतःचं नाव सांगितलं, मग आमचं आडनाव, चांगलं ठणठणीत, आणि त्यामागे आईचं. मी सुनेकडे बघतच राहिले. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "दोन्ही. त्याचं पण दोन्ही होतं."

टाकलं नव्हतं त्याने. नुसतं जोडलं होतं. आणि एवढं सांगायला मी त्याला अर्धं मिनिट दिलं नाही.

गुरवाने दोन्ही आडनावं घेतली, अडखळत का होईना. "ह्या लेकराला सांभाळ रे म्हाराजा!" देवळातली सगळी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"