सूर्यवेदीची तबकं

श्यू देमाओ भट्टीच्या भोकातून आत थुंकायचा आणि थुंकी कशी उडते ते पाहून आच सांगायचा. जिंगदेझेनला चिनी मातीची भांडी भाजणाऱ्या शाही भट्टीवर त्याला याच कामासाठी ठेवलं होतं. उमेदीची वर्षं त्या भोकाला डोळा लावण्यात गेली आणि डोळ्यांवर पडदा आला. माणसं, भांडी, दारं दिसायची; रंग मात्र सगळे राखाडी झाले होते. हे फक्त बायकोला, चुन्यिंगला ठाऊक होतं. आता तो थुंकी बघत नसे, तिची चर्र ऐकत असे.

यंदा सम्राटाच्या सूर्यपूजेसाठी लाल तबकं हवी होती. झिलईत तांबं घालून आणलेला लाल म्हणजे नाठाळ रंग. आच जरा हुकली की करपल्या काळजासारखा उतरतो. दोन भट्ट्या तशाच वाया गेल्या होत्या. देखरेखीवरच्या अधिकाऱ्यानं बजावलं होतं, या खेपेला एकही तबक पसंत पडलं नाही तर आग फंगच्या हाती. फंग हा सरपणवाल्यांचा मुकादम.

भट्टी उघडायच्या सकाळी देमाओ पेजेला शिवला नाही. बसला, उठला, दारापर्यंत जाऊन आला.

"अहो, टेका की जरा. उंबरा झिजेल," चुन्यिंग म्हणाली.

"आवाज नीट लागला होता."

"मग झालं तर."

"रंग कुठं ऐकू येतो?" म्हणत तो निघालाच.

अंगणात अधिकारी एकेक तबक उन्हात धरत होता. नापसंत तबक हातोड्याखाली जायचं. पूजेचं भांडं दुसऱ्या कुणाच्या घरात दिसता कामा नये. तुकडे तिथंच पुरायचे. देमाओ पाठ करून उभा राहिला.

"दादा, भिंतीत काय बघताय?" फंगनं विचारलं.

"ऊन लागतंय डोळ्यांना."

"जन्म आगीत गेला, आणि आता ऊन लागतंय होय?"

खळ्ळ. पुन्हा खळ्ळ. आवाज खणखणीत होता, म्हणजे माती पक्की भाजली होती. पण हातोडा थांबेना. देमाओ या पायावरून त्या पायावर होत राहिला.

मग एक घाव पडलाच नाही.

फंग तबक दोन्ही हातांवर घेऊन आला. "सुटलात दादा. एक राहिलं."

"कसा उतरलाय रंग?" देमाओच्या तोंडून गेलं.

तबक त्याच्या नाकासमोर, भर उन्हात होतं. फंगनं तबकावरची नजर देमाओच्या डोळ्यांकडे वळवली. मग त्यानं ते आणखी वर धरलं.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला.