बाबांच्या दिव्याला मी रंग दिला

गणपतीआधी घर रंगवतोय. दुपारी पेंटरला सहज म्हटलं, "काका, हा लटकता दिवापण पांढरा करून टाका."

हा दिवा बाबांनी स्वतः बनवलाय. जुन्या मासिकात एका स्पॅनिश आर्किटेक्टच्या दिव्याचा फोटो पाहून, लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या वाकवून. मला तो कायम जुनाट वाटायचा.

संध्याकाळी बाबा खांदा कॉलनीतून मित्राला भेटून आले आणि नेहमीसारखं बटण दाबलं. एरवी लाकूडच आतून उजळायचं. आज ऑइलपेंटमधून प्रकाश आलाच नाही, फक्त खाली फरशीवर एक गोल पडला.

बाबांनी वर बघितलं. "चकचकीत झालाय," म्हणाले आणि ट्यूब लावली.

आत्ता थिनर लावून बघितलं, तर एक पट्टीच सुटली. लाकडावरचा रंग कसा काढायचा, कुणी सांगेल का?