नुसती मराठी जाणणारी बाई

बीदरच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. मागच्या वर्षी फर्मान निघालं की प्रत्येकानं आपल्या विषयाच्या अध्ययन निष्पत्ती लिहून द्यायच्या. म्हणजे सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता येईल, ते. मी झोकात लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना मराठीची गोडी लागेल.’ प्राचार्यांनी कागद परत केला.

“मॅडम, गोडी मोजणार कशी हो? करून दाखवता येईल असं लिहा की काहीतरी.”

माझं डोकं तापलं, आणि तापलं की मी भराभर लिहिते. ‘कन्नड पत्रकातली माहिती विद्यार्थी कन्नड न जाणणाऱ्या माणसाला मराठीत समजावून सांगेल, आणि तो माणूस त्याप्रमाणे काम करून दाखवेल.’ मोजा म्हणावं आता. प्राचार्य इतके खूश झाले की अंतर्गत परीक्षेचे सगळे गुण त्यावरच ठेवून मोकळे झाले.

मग माझ्या लक्षात आलं, कन्नड न जाणणारा माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे घरी मराठी बोलणारं पोरही कंडक्टरशी कन्नड बोलतं आणि भाजीवाल्याशी दख्खनी. कँटीनवाल्या अण्णांना विचारलं तर ते हसायलाच लागले. “असा माणूस कामून शोधायलाव मॅडम? बीदरात उपाशी मरंल की त्यो.”

शेवटी कन्नडच्या सरांची बायको आठवली. लग्न होऊन नाशिकहून आलेली, आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. सरांनी छातीठोकपणे सांगितलं, तिला कन्नडचा गंधही नाही. मी सुटले.

खरी धास्ती एका मुलीची होती. आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकर गावची, घरी कन्नड बोलणारी, मराठी हौसेनं घेतलेली. लिहायची सुरेख, पण वर्गात काही विचारलं की दातखीळ बसायची. परीक्षेत तोंड उघडलं नाही तर ती नापास होणार, आणि नापास झाली तर शिकणं बंद करून गावी न्यायचं, असं तिच्या अप्पांनी बजावून ठेवलं होतं.

परीक्षेला तिचा नंबर शेवटी आला. पत्रक होतं जुलाब झाल्यावर द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याचं. टेबलावर सगळं मांडून वहिनी बसल्या होत्या, बाजूला प्राचार्य आणि कन्नडचे सर. पोरगी पत्रकाकडे बघत नुसतीच उभी. तेवढ्यात वहिनी स्टूल पुढे ओढून म्हणाल्या, “सांग ना गं.”

आणि ती बोलायला लागली. “अक्का, आधी हात धुवा. ह्ये लिटरभर पाणी, उकळून गार केल्यालं. ह्याच्यात साखर सहा चमचे, सपाट बरं का. मीठ अर्धाच चमचा. कामून, तर जास्ती झालं की लेकराला तरास व्हतोय.”

वहिनी तसतसं करत गेल्या. मला नाचावंसं वाटत होतं.

प्राचार्यांनी खात्री करायला मुलीला सवयीनं कन्नडमध्ये विचारलं, “उप्पु एष्टु?” मीठ किती?

ती बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, “अर्ध चमचा सर, जास्ती बेड.” जास्त नको.

सर बायकोकडे आ वासून बघत राहिले. प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, ह्यांना तर कन्नड येतंय. तुमच्या निष्पत्तीत बसत न्हाई मग हे. गुण कसे देऊ?”

मी भांडायला पदर खोचणार, तोच वहिनी उठल्या. “सर, मी इथे आले तेव्हा मला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. ही इथेच मैलूर भागात आमच्या शेजारी मावशीकडे राहते. रोज संध्याकाळी गच्चीवर बसवून हिनं मला कन्नड शिकवलं, मराठीतून समजावून. आमच्या ह्यांना चकित करायचं होतं, म्हणून बोलले नाही.”

प्राचार्य पोट धरून हसले आणि पूर्ण गुण लिहून त्यांनी सही ठोकली. आनंदानं मला रडूच आलं. ते लपवायला मी त्या मुलीवर डाफरले, “मग वर्गात वर्षभर तोंडाला कुलूप कशाला गं?”

ती खाली बघत म्हणाली, “तिथं समद्यांला मराठी येतंयच की मॅडम. कुणाला सांगू?”