वायर नसलेला निळा दिवा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. मी कॉम्प्युटरवाला माणूस. वायर असेल तर करंट, करंट असेल तर दिवा — एवढंच माझं शास्त्र. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा...

मी कोरीटचा. नंदुरबारला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये सर्व्हर सांभाळतो. पेशंटचे एक्सरे, सोनोग्राफी सगळं स्टोरेजच्या डब्यांत साठतं. कोणते डबे जोडलेत ते सर्व्हरवर दिसतं, पण रॅकमध्ये सगळे सारखेच. म्हणून स्क्रीनवरून कमांड दिली की हव्या त्या डब्याचा निळा दिवा लुकलुकतो. हे मला शिकवलं रायसिंगदादांनी. डोंगरातल्या मोलगीकडचे पावरा आदिवासी, माझे सीनियर. म्हणायचे, "स्क्रीन काय, काहीही सांगेल. ऊठ, दिवा डोळ्यांनी बघून ये."

दादा होळीला गावी गेले असताना हॉस्पिटलच्या मॅनेजर साहेबांनी सर्व्हर रूमला रंग देऊन घेतला. दादा परतले तर यादीत एक डबा कमी! साहेबांनी शोधाशोध केली नाही, रंगाऱ्यांना विचारलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "यानेच विकला. होळी दणक्यात झाली असेल!" दादांना त्याच दिवशी घरी पाठवलं. चोरीची बातमी मोलगीच्या बाजारात त्यांच्याआधी पोचली. पुढे ते बाजारात जाईनासे झाले. पावसाळ्याआधीच छातीत दुखलं, जीपमधून खाली दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं.

त्यानंतर ऑडिट आलं. भर दुपारी मी जोडलेल्या डब्यांची यादी काढली, आणि हरवलेला डबा त्यात चालू दिसत होता. म्हटलं, स्क्रीन काहीही सांगेल. त्याच्या दिव्याची कमांड दिली. रॅकमध्ये काहीच लुकलुकलं नाही.

तेवढ्यात आमचे शिपाई भिकाबापू जिन्याखालच्या अडगळीतून मला हाक मारत ओरडले, "सायेब, आठे या! हाऊ दिवा कसा पेटी ऱ्हायना?"

मोडक्या पलंगांखाली, रंगाचे डाग पडलेल्या पोत्यात तो डबा होता. रंगाऱ्यांनी हलवला, तो तिथेच राहिला. निळा दिवा लुकलुकत होता. बापूंनी मागे हात फिरवला. "याले वायरच नही शे!" मी धावत वर गेलो, कमांड बंद केली. खालून बापूंची हाक आली, "विझना!" दिवा विझला होता.

कोणी म्हणेल, आत बॅटरी असेल. असू द्या! पण माझी कमांड त्याच्यापर्यंत गेली कोणत्या वाटेने?

साहेबांना डबा दाखवला. म्हणाले, "मिळाला ना? झालं तर मग. माणूस गेला, आता कशाला उकरतोस?" अरे, माणूस कशाने गेला?

मी मोलगीला गेलो. दादांच्या बायकोला, रुमलीवहिनींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, साहेबांना बाजाराच्या दिवशी घेऊन या. जिथं लोक यांना चोर म्हणाले, तिथंच साहेबांना 'चोर नव्हता' म्हणू द्या."

साहेबांना निरोप दिला. त्यांनी मान हलवली, दुसरी फाईल उघडली. बाजारामागून बाजार गेले, साहेब काही आले नाहीत. परवा वहिनी भेटल्या.

"डब्याला वायर नव्हती, तरी तो बोलला ना भाऊ? मग साहेबाला बोलायला काय झालंय?"

दिवा कसा लागला, ते मला आजही सांगता येत नाही. वहिनींना काय सांगू, तेही नाही.