साडेतेरा कोयते

वनमाला माझी मैत्रीण. मी मराठीत एम.ए. केलं. तिनं दहावी केली, तीही बाहेरून, तिसऱ्या खेपेला. दोनदा गणितानंच पाडलं. मधले सात हंगाम ती आईबापाबरोबर ऊस तोडत होती.

आता शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर, तिच्या पत्र्याच्या शेडात, शाळा सुटली की पोरं गृहपाठ घेऊन येतात. दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारून ती काटकोन करून दाखवते. पैसे घेत नाही. रागावते मात्र भरपूर.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या होत्या. एका संध्याकाळी आसाराम वही घेऊन आला. त्याची लेक करिष्मा नववीत. तीही होती, मान खाली घालून. मागं मुकादम बंकट.

"लई झालं शिकणं," आसाराम म्हणाला. "गणितात भोपळा मिळालाय. सर म्हणले, पोरगी ढ हाय. उद्या ट्रॅक्टरात बसंल ती."

वनमालानं वही उघडली. मीही वाकून पाहिलं. उदाहरण असं होतं : टोळीत सत्तावीस मजूर. तीन एकटे, बाकीचे जोडीनं. जोड्या किती?

करिष्मानं लिहिलं होतं, "एकूण साडेतेरा कोयते. एकटे दीड. उरले १२." खाली लाल शाईत : "समीकरण कुठे आहे? शून्य."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. करिष्मा लहानपणापासून माणसं अशीच मोजत आली होती.

"काका, सत्तावीस माणसांचे कोयते किती?" वनमालानं विचारलं.

"साडेतेरा." आसारामला विचार करावा लागला नाही.

"तीन एकटे काढा."

"दीड गेला. बारा."

"पोरीचा आकडा बघा."

आकडे त्याला वाचता येत. त्यानं बराच वेळ पाहिलं. "बाराच हाय की. मंग भोपळा कावून?"

"ते उद्या मी सरांना इचारते."

बंकट हसला. "दोनदा आपटलेली मास्तराला शिकवायला निघाली!"

"आपटले म्हणून तर कळतं, पोरं कुटं अडत्यात."

"आन् माझ्या टोळीत अर्धा कोयता कमी पडंल, त्याचं काय?"

"तुमाला दोन हात हायत की, मुकादम. तुमी धरा."

पोरं फिसकन हसली. मी हसले नाही. बंकटसमोर असं बोलणारं कुणी मी पाहिलं नव्हतं.

वनमालानं करिष्माच्या हातात खडू दिला. "आता पुस्तकातल्या रीतीनं मांड. जोड्या एक्स."

करिष्मानं पत्र्यावर लिहिलं : 2x + 3 = 27. मग, x = 12.

"हिला दोन रीती येत्यात," वनमाला म्हणाली. "सरांना एकच."

आसाराम हळूच म्हणाला, "आमी गेल्यावर ही ऱ्हाईल कुटं?"

"हितं."

"सा महिने?"

"दहावी होईस्तोवर."

सकाळी ट्रॅक्टर भरला. आसारामनं करिष्माची वळकटी खाली काढली आणि शेडाच्या दारात नेऊन ठेवली. आत कुणी नव्हतं. वही काखेत मारून वनमाला करिष्मासोबत केव्हाच शाळेच्या वाटेला लागली होती.