कट्टी सरांना पुरावा हवा

धारवाडच्या एका शाळेत मी वीसेक वर्षं इतिहास शिकवला. पोरं पास होऊन गेली, पण स्टाफरूमचे किस्से तिथंच साठत राहिले! त्यातले निम्मे आमच्या कट्टी सरांचे. सर भूगोल शिकवायचे, पण पुस्तकातल्या एकाही ओळीवर त्यांचा विश्वास नव्हता. "छापलंय म्हणून खरं का?" हा त्यांचा पेटंट डायलॉग.

नव्वदच्या दशकात दर सुट्टीत सर, त्यांच्या पत्नी सुधाक्का, ड्रिलमास्तर बसूअण्णा आणि मी असे चौघं कर्नाटक बघायला निघायचो. सर म्हणायचे, "बघायला नाही, तपासायला!"

*

दांडेलीच्या जंगलात गार्डनं एक झाड दाखवलं. म्हणाला, धनेश पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून फळं भरवतो.

"आत मादी आहे कशावरून?" सरांनी विचारलं, आणि झाडासमोर ठाणच मांडलं. नर आला, फटीत फळ सरकवलं, उडून गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. गार्ड बिचारा आशेनं सरांकडं बघत होता.

"हा मघाचाच नर कशावरून?"

सुधाक्का डबा उघडत म्हणाल्या, "तो निदान बायकोला भरवतोय. तुम्ही बसा तपासत!"

*

धारवाड म्हणजे पाणलोटाची कड. गावाच्या एका अंगाचा पाऊस अरबी समुद्राला मिळतो, दुसऱ्या अंगाचा बंगालच्या उपसागराला. हे सर स्वतःच वर्गात शिकवायचे आणि स्वतःच त्यावर संशय घ्यायचे! गावातल्या मळमड्डी भागात त्यांनी हौसेनं घर बांधलं होतं. एका जुलैत छत्री घेऊन ते आपल्या पागोळीच्या पाण्यामागं निघाले. माझ्या घराचं पाणी कुठल्या समुद्राचं, ते कळलंच पाहिजे म्हणे.

नखशिखांत भिजून परत आले. बसूअण्णानं विचारलं, "येनरी सर, कुठला समुद्र?"

"कुठला समुद्र नि काय! सगळं पाणी शेजारच्या जोशांच्या परसात मुरतंय. त्यांच्या केळी उगाच नाही माजल्या!"

पुढं जोशांनी प्रेमानं केळ्यांचा घड पाठवला. सर म्हणाले, "म्हणजे गुन्हा कबूल!"

*

सर रिटायर झाले त्या वर्षी मात्र फासे उलटे पडले. संशय आम्हाला यायला लागला! मळमड्डीच्या घराच्या कंपाउंडला कुणी अनोळखी माणूस टेप लावून मोजत होता. बसूअण्णानं ते पाहिलं आणि स्कूटर थेट माझ्या दारात आणली.

"बाई, ह्यात काहीतरी गोम आहे बघा. सर घर विकून मुलाकडं बेंगळूरला चाललेत."

आम्ही विचारलं तर सर उखडलेच. "रंग लावायचाय घराला! विकतोय म्हणून पुरावा आहे का तुमच्याकडं?"

रंगवाला कधी जमीन मोजतो होय? पण पुरावा आणायचा कुठून? सर गेले तर मळमड्डी मला खायला उठली असती.

*

त्याच वर्षीच्या सुट्टीत ऐहोळेला गेलो. तिथलं एक जुनं देऊळ दाखवून मी सांगितलं, "पुढं कुणी एक गृहस्थ ह्यात राहायला आला, आणि देवळाला नाव पडलं ते त्याचं."

एरवी सरांनी माझी उलटतपासणी घेतली असती. त्या दिवशी खांबावरून हात फिरवत म्हणाले, "बांधणाऱ्याचं नाव गेलं, राहणाऱ्याचं राहिलं. बरोबर आहे."

बरोबर आहे? सरांच्या तोंडून?

बसूअण्णा माझ्या कानाशी लागला. "बाई, घर गेलंच!"

*

तिथून विजापूरला गोल घुमट. अरुंद जिने चढून वरच्या सज्ज्यात आलो. इथं भिंतीशी कुजबुजलं की घुमटाच्या पार पलीकडं ऐकू येतं. सरांनी आधी भिंत ठोकून पाहिली. "आत स्पीकर लपवलेला असणार."

मग प्रयोग! सर आणि सुधाक्का त्या टोकाला, बसूअण्णा आणि मी ह्या टोकाला. पण नेमकी कुठल्याशा शाळेची सहल आलेली. पोरांच्या कल्ल्यात कसलं काय ऐकू येतंय! आम्ही हातानंच "नाही" म्हटलं. "बघा, सगळं थोतांड!" सर एकदम खूश.

सहल उतरून गेली. घुमट शांत झाला. दमलेले सर तिकडंच भिंतीला टेकून बसले, शेजारी सुधाक्का. इकडं आम्हीही टेकलो. आणि आमच्या पाठीमागच्या भिंतीतून सुधाक्कांचा आवाज आला.

"आता तरी सांगा की त्यांना."

"काय सांगू?" हा सरांचा आवाज. "घर विकलं, सोमवारी चाललो म्हणून? अगं, मला नाही जायचं. तिथं मुलगा म्हणेल ते खरं, सून म्हणेल ते खरं. माझ्या संशयाला तिथं कोण भीक घालणार? ही दोघं घालायची."

मी बसूअण्णाकडं पाहिलं. ग्राउंडच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ऑर्डर देणारा माणूस. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं भिंतीला तोंड लावलं आणि पुटपुटला, "सर, आम्ही येतो की बेंगळूरला. संशय घ्यायला."

पलीकडं सर ताडकन उठले. भिंतीकडं पाहिलं, वर पाहिलं, मग एवढ्या लांबून आमच्याकडं पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि ओरडले,

"म्हटलं नव्हतं मी? स्पीकर लपवलाय!"